अव्वाचा आवाज

कोरेगावची गाडी अजून लागायची होती. सांगली स्टँडच्या बाकावर जोतीराम शेंगा फोडत बसला होता. शेजारी बहीणभाऊ त्यांच्या आईबद्दल, अव्वाबद्दल बोलत होते, तिकडं त्याचे कान आपसूक गेले.

"गोमटेश, अव्वाचा व्हिडिओ दिसंना रं."

"माजं अकाउंटच बंद केलंय, आक्का. कायमचं."

"कुणी?"

"कंपनीनं. अव्वानं शेवटाला सल्लेखनेचं व्रत घेऊन अन्न सोडलं, तवाचा व्हिडिओ टाकला हुता न्हवं? त्यांच्या मशीनला ती आत्महत्या वाटली."

जोतीरामच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आत्महत्या? आरं, सारं गाव तिच्या पाया पडून गेलं."

"मशीनला काय ठावं?"

"मग माणसाला सांग की. हापिस कुठं हाय त्यांचं? आत्ता जाऊ."

"जायाला हापिस न्हाई. अर्ज केला, तर लगोलग मशीनचंच उत्तर आलं. सगळं त्यांच्याकडंच ठिवलं हुतं, आक्का. फोटू गेलं. अव्वा णमोकार मंत्र म्हणायची, ते रेकॉर्डिंग बी गेलं."

"आवाज बी?"

"तुला पाठवलं हुतं की. तुज्या फोनात असंल."

"फोन भरला म्हणून मी पुसलं रं. म्हटलं, गोमटेशजवळ हाय, तर अव्वा कुठं जाती?"