खाली दोन बोटं जागा

मंडळी, निजामपुऱ्याच्या या हॉलमध्ये आज खुर्च्या कमी पडल्या. विनू असता तर म्हणाला असता, "एवढी माणसं? चहा फुकट आहे वाटतं." चहा आहे, विनू. फुकटच आहे. वाकडं बोलण्यावर माझं पोट चालतं, पण आज जीभ जड झाली आहे. सांभाळून घ्या.

विनायक निमकर. बडोद्याने त्याचा 'विनूभाई' केला. रेल्वेत ड्राफ्ट्समन. आठवडाभर पट्टीने सरळ रेघा मारायच्या आणि रविवारी आपल्या मराठी साप्ताहिकासाठी वाकड्या. चित्र त्याचं, खालची ओळ माझी. सही मात्र एकट्या त्याचीच.

आताच्या वक्त्यांनी 'त्या' वर्षाचा गौरव केला. वर्षभर विनूने चित्राखाली एक शब्द येऊ दिला नाही, केवढा धाडसी प्रयोग, इथल्या व्यंगचित्रांच्या इतिहासातलं सोन्याचं पान! ऐकायला छान आहे. खरं नाही. प्रयोग कसला? भांडण होतं. आणि ते मी केलं होतं.

सांगतो. वाचनालयाबाहेरच्या बाकावर तोंडावर पेपर घेऊन झोपलेला म्हातारा त्याने काढला. शेजारी ठिगळ लावलेली छत्री. छत्रीच्या मुठीवर चिमणी. मी खाली लिहिलं, 'निवृत्त झाले, पण कामाची सवय सुटली नाही.' गाव हसलं. आणि छत्रीवरून गावाने माणूसही ओळखला. गोत्रीचे सबनीसकाका. काकू अंथरुणाला खिळलेल्या. दुपारी काकूंची बहीण त्यांच्यापाशी येऊन बसायची, तेवढाच तासभर काकांना डोळा लागायचा, तोही त्या बाकावर. चित्र छापून आल्यावर काका बाकावर दिसेनासे झाले.

विनूला हे सगळं ठाऊक होतं. म्हणूनच ती चिमणी. चिमणीसुद्धा आवाज करत नव्हती, मंडळी. आवाज मी केला.

विनूने मला स्कूटरवर मागे बसवलं आणि गोत्री गाठली. मी फाटकाशीच उभा राहिलो. आतून त्याचा आवाज आला, "काका, चुकलं माझं." काका म्हणाले, "चित्र छान होतं रे. पण..."

तो बाहेर आला तसा मी उसळलो, "ओळ माझी, मग माफी तू का मागतोस?"

"खाली सही कोणाची आहे?"

"मग ओळीही तूच लिही!"

"अरे, तसं नाही. चित्र नीट बघून लिहीत जा, एवढंच."

एवढंच! माझ्यासारख्या दीडशहाण्याला हे सांगायचं? मी रिक्षा करून घरी गेलो. वर्षभर ओळ दिली नाही.

वर्षभर दर आठवड्याला त्याचं चित्र यायचं, आणि खाली दोन बोटं कोरी जागा. मला वाटायचं, खिजवतोय मला. पुढे साप्ताहिक बंद पडलं, आमचा अबोलाही सुटला. चहा झाला, राजकारण झालं, गुडघेदुखी झाली. ते वर्ष सोडून सगळं बोललो.

परवा स्मशानातून परतताना छापखान्याचे रमणभाई म्हणाले, "मी दर वेळी विचारायचो, विनूभाई, नीचे लखाण क्यां छे, खालची ओळ कुठे? ते म्हणायचे, जग्या राखी छे ने. आवशे."

जागा ठेवली आहे ना. येईल.

रमणभाई, एवढी वर्षं हे पोटात ठेवलंत? पण तुम्हाला तरी का बोलतोय? मी कधी विचारलं होतं?

सुधावहिनी, तुम्ही फोटोशेजारी त्याच वर्षातलं एक चित्र ठेवलं आहे. माणूस स्कूटर चालवतोय, मान वळवून मागच्याशी गप्पा मारतोय, आणि मागची सीट रिकामी. तेव्हा सगळे हसले होते. मीही हसलो होतो. ती सीट माझी होती, हे कळायला मला तुझा फोटो हार घातलेला बघावा लागला, विनू.

आज मघापासून ते चित्र नीट बघतोय. तू सांगितलं होतंस तसं. खालची जागा अजून कोरी आहे. आणि मला एकच ओळ सुचते आहे, तीही तू आधीच वापरलेली. चुकलं माझं.

मंडळी, दोन मिनिटं उभे राहू या. त्या चिमणीसारखे. विनू झोपला आहे.