रेघेपुढची कोरी जागा

धाकटी: ‘पॉलिश एकदम आरशासारखं.’

धाकटी: ‘कोपरे कसे जोडता हो? फट म्हणून दिसत नाही.’

धाकटी: ‘कधी झालं हे? परवाच तर कपाटाची किल्ली करून दिली मला.’

धाकटी: ‘लाकूड कुठलं?’

धाकटी: ‘नजर बघा. जिकडं सरकावं तिकडं मागं येते.’

दादा: पुरे. लोकांच्या कॉमेंट मोठ्यानं कशाला वाचतेयस?

धाकटी: एकच राहिलंय. शब्द नाहीत, नुसता अंगठा. किल्लीवाले काका.

दादा: कुठले?

धाकटी: फोटोतलेच.

दादा: काय बोलतेस?

धाकटी: दादा, मी कालची फ्रेम आपल्या पेजवर टाकली. दुकान आवरताना रोज टाकते तशी, ‘आजचं काम’ म्हणून. त्यावर त्यांचाच अंगठा आलाय.

दादा: अगं, ते जिवंत आहेत!

धाकटी: ते कळलं मला आता. मागं राखाडी रंग, आत काळी पट्टी. आपल्या दुकानात हे कुणासाठी करतात? मला वाटलं, गेले. डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या.

दादा: आणि खाली? जन्मतारीख, आडवी रेघ, पुढं कोरं. ते नाही दिसलं?

धाकटी: वाटलं, गेल्याची तारीख तू अजून लिहायची आहे.

दादा: लिहायचीच आहे! पण आत्ता नाही. त्यांच्या लेकीनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. डॉक्टरांनी हात टेकलेत. काकांना तिनं अल्सर आहे म्हणून सांगितलंय. तिच्या आईच्या वेळी घाईघाईत ओळखपत्रावरचा फोटो मोठा केला. ती बाई भिंतीवरून अजून चोर पकडल्यासारखी बघते. म्हणून या वेळी बाप हसतोय तोवरच फ्रेम करून ठेवा म्हणाली.

धाकटी: हे तुला सांगितलं. मला कोण सांगणार?

दादा: विचारायचं तरी होतंस!

धाकटी: ही बघ, पुसली मी पोस्ट.

दादा: बैल गेला आणि झोपा केला.

धाकटी: पण दादा, ते बघत नाहीत रे काही. दिसेल त्याला अंगठा देतात. मागं मी ‘उद्या दुकान बंद’ टाकलं, त्यालाही दिला होता.

दादा: असंच असू दे बाई. असंच असू दे.

(काचेच्या उघड्या दारावर कुणीतरी टकटक करतं.)

काका: येऊ का?

धाकटी: काका!... या ना. बसा. पाणी देऊ?

काका: पाणी नको. तुमच्या दाराचं कुलूप परत घासलेलं दिसतंय. तेल घालत नाही ना कुणी?

दादा: घालतो काका. आजच घालतो.

काका: घालतो म्हणतोस आणि विसरतोस. जित्याची खोड. तुम्ही दोघं असे उभे का? मी काय गिऱ्हाईक आहे?

धाकटी: नाही, म्हणजे... तब्येत कशी आहे?

काका: अल्सर आहे. कमी होतोय म्हणते पोरगी.

दादा: मग बरंच आहे की.

काका: हं. आज जिन्यात शेजारणीनं मला वाट दिली. इतकी वर्षं झाली, कोपरानं ढकलून पुढं जाते बया. आज भिंतीला चिकटून उभी राहिली. मी म्हटलं, चला, सुधारली. पुढं दूधवाल्याकडं गेलो, तर तिथं दोघंजण म्हणत होते, ‘चांगला होता हो. तोंडानं फटकळ, पण हात सोन्याचा होता.’ मी मागं उभा. मला वाटलं, कोण बरं हा चांगला माणूस?

धाकटी: काका...

काका: ते वळले. एकाच्या हातातलं दूध सांडलं.

दादा: काका, चूक आमची आहे. मी...

काका: टाय कुणाचा लावलाय?

दादा: काय?

काका: फोटोत. माझ्या गळ्यात. मी जन्मात टाय घातला नाही.

धाकटी: तो... कॉम्प्युटरवर लावतो आम्ही. कोट आणि टाय. सगळ्यांनाच.

काका: सगळ्यांना एकच?

धाकटी: एकच.

काका: म्हणजे मागच्या गल्लीतला शिंपी आणि मी, दोघंही तोच टाय घालून लटकणार. काढा तो. माझा खिशाचा शर्ट ठेवा, खिशात कानस खोचलेली असते तो.

दादा: लगेच काढतो. आत्ता.

काका: थांब. नको.

दादा: का?

काका: पोरीनं पाहिलीय ना फ्रेम? टाय गेला तर विचारेल, कुणी काढायला सांगितला. राहू दे टाय.

धाकटी: म्हणजे तुम्ही तिला सांगणार नाही?

काका: ती रोज संध्याकाळी दारातून आत येते ना, त्याआधी बाहेर जरा थांबते. तोंड नीट करते. मग हसत आत येते. मला वाटायचं, जिना चढून दम लागतो. आता कळलं. एवढी मेहनत करते पोर, ती मोडायची मी?

दादा: पण लोकांनी पाहिलंय, काका.

काका: त्यांना सांगितलं, तो माझा थोरला भाऊ.

धाकटी: तुम्हाला भाऊ आहे?

काका: आज सकाळपासून होता. गेला बिचारा.

दादा: धाकटे, फोन वाजतोय तुझा.

धाकटी: काकांची लेक.

काका: घे. मी इथं नाहीये.

धाकटी: हॅलो... हो ताई. हो, पुसली. माझंच चुकलं, ताई, मला माहीत नव्हतं... नाही, रडू नका ना... काकांनी? नाही. नाही पाहिली. ते सगळ्यालाच अंगठा देतात, ताई... हो. शपथ.

काका: शपथ कशाला घेतलीस?

धाकटी: ती मागत होती.

काका: बरं झालं. चला. ती यायच्या आत घरी पोचायला हवं. मलाही आता तोंड नीट करायला शिकायचंय, आणि नाटक आमच्या घराण्यात कुणी केलेलं नाही.

दादा: सोडायला येऊ, काका?

काका: नको. दोघांना बघून ती विचारेल. आणि ती कोरी जागा जरा रुंद ठेव. एखादा लांबलचक नावाचा महिना आला तर दाटीवाटी नको.

दादा: गेले.

धाकटी: वळून बघितलं नाही.

दादा: असू दे. घाईत होते चूक एखाद्याकडून.

धाकटी: नाही दादा. पोस्ट टाकताना मी घाईत नव्हते. चहा निवला, तरी फिल्टर निवडत बसले होते.