मस्टँग आणि फाल्कनचा फोन

तुम्हाला ठाऊक आहे, बल्लारपूरच्या कागद कारखान्यात परदेशातली रद्दी यायची. त्यातल्या गाड्यांच्या दोन मासिकांवरून माझं आणि माझ्या दोस्ताचं, रफीकचं, सहा वर्षं भांडण चाललं. मी अमेरिकेच्या मस्टँग गाडीचा, तो ऑस्ट्रेलियाच्या फाल्कनचा. त्यांच्या इंजिनाचा आवाज मात्र दोघांनीही कधी ऐकला नव्हता. मी कॉलेज सोडलं, तो दुबईला गाड्या धुवायला गेला. एक दिवस त्याचं पत्र आलं: 'दोन्ही गाड्या आमच्याकडे आल्यात बे! शुक्रवारी पाचला दोन फोन करतो. पयल्या फोनात तुझी चालू करीन, दुसऱ्यात माझी. बोलू नको, फक्त ऐक.'

शुक्रवारी चारलाच मी फोनजवळ बसलो. तर बाबा म्हणाले, "रिकामा बसून राह्यला, दळण घेऊन ये." कारखान्याच्या भोंग्याशिवाय ज्यांना आयुष्यात काही ऐकावंसं वाटलं नाही, त्यांना काय सांगणार? धावत गेलो, तर चक्कीवर लाइट नव्हती. परतलो तेव्हा सव्वापाच.

"फोन आला होता काय?"

"दोनदा आला. कोणी बोलेच ना, नुसती घुरघुर. लाइन खराब म्हणून ठेवून देला."

असा संताप आला, की दळणाचा डबा तिथंच आपटावा. तरी तोंडातून निघालंच, "बाबा, पयली घुरघुर भारी होती, का दुसरी?"