चिंचेनं घासलेलं इंजिन

दौंडहून पुण्याला निघालेल्या एसटीत नीलमच्या पुढच्या सीटवर साठीतलं एक जोडपं बसलं होतं. बाईंच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं खेळण्यातलं आगगाडीचं इंजिन होतं.

"नीट धर. साहेब म्हनले, असलं हिरवं इंजिन देशात दोन-तीनच उरल्यात."

"धरलंय की."

"आबा लोको शेडला होते तवा गोऱ्या ड्रायव्हरनं दिलेलं. आता संग्रहालयात त्याच्याखाली आबांचं नाव लागंल."

"अहो, समजा रंग थोडा गेला असंल तर?"

"तर घेनारच न्हाईत. मळका चालंल, पन मूळचाच रंग पायजे. पुसूसुद्धा नका म्हनले."

"मला कवा सांगितलं तुम्ही?"

"का गं?"

"न्हाई, इचारलं आपलं."

"टॉवेल सोड."

"नगा ना."

"सोड म्हनतो."

नीलमला टॉवेलातून चकचकीत पत्रा दिसला.

"काल चिंचेनं घासलं मी. आबांची वस्तू चार मान्सांत जानार, मळकी कशी न्यायची?"

पाटस जवळ आलं आणि फोन वाजला.

"हां साहेब, मारुतराव बोलतोय. निघालोय, पन एक सांगायचं हाय. इंजिन मी घासलं. व्हय, मीच. रंग समदा गेला. बरं... बरं."

"काय म्हनले?"

"नगं म्हनले."

"आन् तुम्ही घासलं म्हनून कशाला सांगितलं?"

"चल, पाटसलाच उतरू. इंजिन माझ्याकडं दे, तू दांडी धर. पायरी उंच हाय."