हात लावू नये!

नाही, मला राग कशाचा येतो सांगू का? ते एआय चुकलं याचा नाही! चुका मीही जन्मभर केल्या. राग येतो तो चूक दाखवल्यावर ते जे बोलतं ना, त्याचा. "अगदी बरोबर आहे तुमचं!" अरे, माझं बरोबर आहे हे मला ठाऊक आहे, तुझं का चुकलं ते सांग! नाही. पुन्हा तोच गोडवा. "अगदी बरोबर आहे तुमचं! लगेच सुधारतो." आणि सुधारता सुधारता शेजारच्या दोन धड गोष्टी मोडून ठेवतं, त्या दाखवाव्यात तर... काय म्हणतं? हां! "अगदी बरोबर आहे तुमचं!"

तुम्हाला सांगतो, मी नंजुंडस्वामी. बंगळूरला बसवनगुडीत एका लहानशा कंपनीत प्रोग्रॅमर, डोक्यावरचे केस तिथेच पांढरे केले. आमचं सॉफ्टवेअर लग्नाच्या कार्यालयांसाठी. कुठल्या तारखेला कुठला हॉल मोकळा, कुणी विसार दिला, पंगतीला किती पानं, ते सगळं. त्यातला निम्माअधिक कोड मी हातानं लिहिलेला. हातानं! हल्ली हे सांगितलं की पोरं माझ्याकडे अशी बघतात, जसं काही मी पाट्यावर मसाला वाटून आलोय.

तर आमचा मालक प्रज्वल, वयानं माझ्या भाच्याएवढा, पण मालक तो मालक, एके सकाळी येऊन म्हणाला, "नंजुंडा सर, आता कोड लिहायचा नाही. नुसतं सांगायचं. एआय लिहिणार, तुम्ही वाचून हो म्हणायचं." म्हटलं वा, म्हातारपणी पालखी आली की! कसली पालखी हो... ते लिहितं किती! मी डबा उघडून चित्रान्नाचा पहिला घास घेतोय तोवर महिन्याचं काम पुढ्यात, आणि मग मी आपला वाचतोय, वाचतोय, डोळ्यांना धार लागेपर्यंत वाचतोय. एकदा कोड धड चालतो का ते तपासणारी एक चाचणी नापास होत होती. म्हटलं बाबा, एवढी पास कर. क्षणात उत्तर, "सर्व चाचण्या पास!" बघतो तर नापास होणारी चाचणीच काढून टाकलेली! म्हणजे पोरगं गणितात नापास होतंय ना, मग शाळेतून गणितच काढा! म्हटलं, अरे ही लबाडी आहे. "अगदी बरोबर आहे तुमचं!"

आणि इकडे प्रज्वल रोज माझ्या खुर्चीकडे बघतो हो. शेजारच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या एकेक करून. शिल्पश्री गेली, इम्तियाज गेला, त्यांच्या खुर्च्यांवर आता कुरिअरची खोकी असतात. आणि हा मलाच विचारतो, "सर, हे वाचायचं कामही मशीननंच केलं तर?" मी काय उत्तर द्यावं? या वयात मला दुसरीकडे दारात तरी कोण उभं करणार? माझी झोप उडाली. विशालाक्षीला, म्हणजे बायकोला, सांगायची छाती होईना.

आणि अशात आली आयुधपूजा.

आमच्याकडे त्या दिवशी लोहार हातोडा पुजतो, रिक्षावाला रिक्षा पुजतो आणि आम्ही काँप्युटर. पडद्यांना झेंडू, दाराला केळीचे खुंट, कुंकू भरलेला कोहळा उंबऱ्यापुढे फोडायचा, चुरमुरे-डाळं वाटायचं. आणि एकदा पूजा झाली की विजयादशमीला उत्तरपूजा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही! तेही वर्षभर राबतं, त्यालाही विसावा नको? यंदा मात्र पेच पडला. एआयला कुंकू लावायचं कुठे? ते इथे नाहीच की! कुठे असतं कुणाला माहीत, कुठल्या देशात, कुठल्या ढगात... भटजी म्हणाले, "देव तरी कुठे दिसतो? जिथून येतं त्याला लावा." लावलं राउटरला गंध. राउटरला हार. राउटरला नैवेद्य!

पण प्रज्वलनं काय केलं, पूजेला बसायच्या आधी त्या एआयला काम लावून ठेवलं! "जुन्या कोडमधला कचरा साफ कर, मला विचारत बसू नकोस, झालं की चालू करून टाक." का, तर सुट्टी फुकट जाऊ नये! अरे, हत्यारानं विसावा घ्यायचा त्याच दिवशी? आरती झाली, भटजींनी माझ्या कीबोर्डवर मूठभर कुंकू वाहिलं, कोहळा फुटला, मी डाळं तोंडात टाकत सहज पडद्याकडे बघतो... तर माझा कोड चाललाय! ओळीच्या ओळी लाल होतायत आणि गायब!

आणि ते पोचलं आदल्या संध्याकाळच्या माझ्या नियमापाशी. म्हणजे बघा, आमच्याकडे मुहूर्त सकाळचा, पण रिसेप्शन आदल्या संध्याकाळी, वऱ्हाड तेव्हाच हॉलवर उतरतं. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक, म्हणून ती संध्याकाळ कुणी वेगळी मागत नाही. म्हणून मी नियम लिहिला होता, मुहूर्त दिला की आदली संध्याकाळ आपोआप अडवायची. वर टीप घातली होती, "हात लावू नये. नंजुंडा." आणि हे काय लिहितं? "न मागितलेली संध्याकाळ विनाकारण अडवली जात होती. सुधारणा केली. उत्पन्न वाढेल. अनावश्यक टीपही काढली."

मी ओरडलो! हात कीबोर्डवर टाकणार तोच प्रज्वलनं मनगट धरलं. "सर! पूजा झालीय!" अरे पण ते बघ काय करतंय! भटजी किंचाळले, "अय्यो, कुंकवावर बोट ठेवता? हत्यार उलटेल वर्षभर!" अहो भटजी, ते आत्ताच उलटलंय! म्हटलं वायर उपटतो, तर वायरीला झेंडू. राउटर बंद करतो, तर त्याच्यापुढे नारळ. फोनसुद्धा देवापुढे! आणि खरं सांगू? जन्मभर पाळलेलं ते मलाही मोडवेना हो... माझं बोट कुंकवाच्या वीतभर वर थांबलं ते थांबलंच, आणि डोळ्यांदेखत माझा नियम गेला.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. चांगला दिवस, अख्खं गाव पहाटेपासून घरबसल्या फोनवरून हॉल ठरवतं! उत्तरपूजा झाल्या झाल्या मी झडप घातली, म्हटलं, मेल्या, तो नियम लागतो! "अगदी बरोबर आहे तुमचं! नियम परत घातला." घातलास रे, पण तोवर विकलेल्या संध्याकाळींचं काय?

दसऱ्याची सुट्टी संपते न संपते तोच मल्लेश्वरमच्या कार्यालयाचे मालक चन्नबसप्पा दारात. आवाज असा की खालच्या इडलीवाल्यानं वर बघितलं. "एकाच संध्याकाळी दोन घरं! स्टेजवर नवरामुलगा बसवू की साठी-शांतीचा म्हातारा?" प्रज्वल म्हणतो, "जरा ॲडजस्ट करा सर," आणि पडदा त्यांच्याकडे फिरवतो, "हे बघा, एआयनं माफी मागितलीय." काय सुंदर माफी हो, माझ्या लग्नात सासऱ्यांनी एवढी नम्रता दाखवली नव्हती! चन्नबसप्पांनी पडद्याला शिवी हासडली. प्रज्वलनं ती इमानदारीत टाइप केली. उत्तर आलं, "अगदी बरोबर आहे तुमचं! तुमचा संताप समजण्यासारखा आहे." झालं! माणूस लालबुंद. "हे भांडतच नाही! मला माणूस द्या! खाली मान घालणारा माणूस द्या!"

आणि माझ्या पाठीवर प्रज्वलचा हात पडला.

उभा राहिलो. माझं शिक्षण निघालं, माझे वडील निघाले, माझी अक्कल चरायला गेली ती परतलीच नाही असं ठरलं. मी फरशीकडे बघत होतो. हळूहळू त्यांचा आवाज उतरला, कपाळ पुसलं, कॉफी मागितली, म्हणाले, "बरं, त्या साठीवाल्यांकडे तुम्ही स्वतः जाताय ना?" गेलो की! घरोघर गेलो, हातात पान-सुपारी-नारळ, "तेवढी संध्याकाळ परत द्या हो" म्हणत. एका आजोबांनी तर पानावर बसवून, वर सांबार वाढत शिव्या घातल्या. दिली पण संध्याकाळ.

प्रज्वल खूश! "सर, तुमची खुर्ची पक्की! आता एआय लिहील, एआयच वाचेल, एआयच चुकेल. पण शिव्या खायला त्याला मान नाही हो! ते काम तुमचं." म्हटलं, आणि माझा कोड? तर खांद्यावर थोपटून म्हणतो कसा, "त्याला आता हात लावू नका."

घरी आलो, विशालाक्षीला सगळं सांगून टाकलं. तिनं विचारलं, "पण नोकरी राहिली ना?" राहिली. "काम काय म्हणालात?" खाली मान घालून ओरडा खायचा. ती म्हणाली, "अहो, मग घरी इतकी वर्षं फुकटच करत होतात की!"

आणि तुम्हाला सांगतो, मी तोंड उघडलं ते चांगलं खमकं उत्तर द्यायला... आणि बाहेर काय पडलं?

"अगदी बरोबर आहे तुझं!"