पप्पांचा जुना फोन

अरे, माझ्या वेबसाइटच्या धंद्यातली सगळ्यात मोठी चूक सांगतो. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीच्या भीमजयंतीच्या फोटोंचं पान मी बनवलं. पप्पांनी फोनवर उघडलं आणि म्हणाले, "फोटो अडखळत सरकतायत रे."

मी खेकसलो, "पप्पा, तुमचा फोनच डबडा आहे!"

त्यांनी फोन उलटसुलट करून पाहिला.

आठवड्याने ऑफिसातल्या नव्याकोऱ्या फोनवर पाहिलं, तर तिथेही तेच. प्रत्येक फोटोखाली मी हौसेने धूसर सावली टाकली होती. फोटो जरा हलला की बिचारा फोन ती सावली पुन्हा रंगवत बसायचा.

पप्पांना सांगायला घरी आलो. ते गॅलरीत शेजारच्या काकांना तेच पान दाखवत होते.

"पोराने झकास केलंय. अडखळतंय ना, ते माझ्या फोनमुळे."