उजव्या बाजूची दोन बोटं

(कमलाबाई, आंधळगाव. त्यांनी सांगितलं तसं.)

माहं माहेर मोहाडीचं अन् सासर आंधळगावचं, दोन्ही घरी माग, म्हनजे काय सांगू तुमाले भाऊ, पाळन्यात होती तवापासून मी मागाची खटखट ऐकून राहिली, ते बंद झाली का माही झोप मोडे. आमाले वावर नाई, बैल नाई, कवाच नव्हते. पोळ्याले कास्तकाराचे बैल सजत अन् आमी मागवाले दारात उभं राहून पाहत. पन दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, तो सगळ्याइचा. लाकडाचा नंदी, खाली चार चाकं, पोट्टे दोरीनं ओढत घरोघर नेतात, नंदीच्या कपाळाले टिका लावा लागते अन् पोट्ट्याच्या हातावर बोजारा ठेवा लागते, खाऊ म्हना, चिल्लर म्हना. मागवाल्याच्या घरचा बैल म्हनजे तोच.

लुगडं विनून झालं का ताण्याचा, म्हनजे उभ्या धाग्याइचा, हातभर तुकडा मागावर उरते, तो कोनाच्या कामाचा नाई. मी नवी नवरी होती, त्या तुकड्याचे गोंडे केले, जुन्या लुगड्याची झूल शिवली अन् घरच्या नंदीच्या पाठीवर टाकली. शेजारच्या पोट्ट्यानं पाहिली, मले पाहिजे म्हने, मंग दुसऱ्यानं, मंग सारी गल्लीच, अन् तवापासून दर सालीच. दुपारचं जेवन झालं का मी अन् माहे गोंडे. सासू म्हने काय पोरखेळ लावला, अन् तेच बसून धागे निवडून दे.

आता आमची सून रूपाली, मोठी हौशी पोरगी. तिनं औंदा पोळ्याच्या आधी झुली आंगनात पसरवल्या, फोटो काढले, मोबाइलवर टाकले. म्हने आई, लोकं लिवून राहिले तुमाले. कोनी लिवलं किती सुंदर. कोनी लिवलं आजी, हे सोफ्यावर टाकायचं असतं का. म्या म्हनलं लिही, तुमचा पोरगा सोफा ओढत घरोघर नेत असन तं टाका बाई. रूपाली हसे अन् लिवे. मले मजा येऊन राहिली होती, खरं सांगते.

मंग कोनी एक बाई, लांबच्या शहराची, तिनं लिवलं, आजी, रंग फार गोड आहेत, पण सगळ्या झुली उजवीकडून लांब का? म्या म्हनलं लिही, तुमच्याकडे तान्हा पोळा नाई, तुमाले झूल काय समजते. रूपालीनं लिवलं नाई. ते एक एक झूल मधून घडी घालून पाहत गेली. हरेक झूल उजवीकडं दोन बोटं जास्त.

मंग मले समजलं. आमच्या घरचा नंदी सासऱ्याच्या लहानपनचा, डाव्या अंगाचे चाकं झिजले, तो डावीकडं कलून उभा राहते. मी झूल त्याच्याच पाठीवर टाकाची, दोन्ही काठ जमिनीपासून सारखे आले का कापाची. कलत्या नंदीवर सारखी आली ते सरळ नंदीवर वाकडीच पडन ना. दुसरा बैल आमाले मोजाले होता कुठं?

पन गल्लीत तं कवाच कोनी बोललं नाई. मी सुमनकडं गेली, शेजारीन माही. म्हने बसा काकू, चहा ठेवते. म्या म्हनलं चहा राहू दे, मागच्या सालची झूल दाखव. पाहते तं उजवा काठ आत मोडून शिवलेला, टाके दुसऱ्याच धाग्याचे. हे काय वो सुमन? म्हने काही नाई काकू, नंदीच्या चाकात येते. म्हनलं डावा काठ नाई येत चाकात? मंग ते खाली पाहाले लागली. म्हने आमची सासू सांगून गेली, कमलाची झूल आली का उजवी बाजू मोडाची, अन् तिच्याजवळ बोलाचं नाई. सारी गल्ली मोडते काकू.

घरी आली अन् सगळ्या झुली, गोंडे पोत्यात भरले. बस झालं म्हनलं. आमचे हे मागावर होते, त्याइले इचारलं, तुमाले मायीत होतं? म्हने होतं. मंग काहून नाई सांगतलं? म्हने तू चहात साखर जास्त टाकते, तेबी मी कुठं सांगतो.

पोळा जवळ आला, मी काही पोतं सोडलं नाई. रागबी नव्हता कोनावर, लाजच वाटे, का येवढे वर्ष लोकाइले आपन कामाले लावलं. मंग सुमन दारात येऊन बसली. म्हने काकू, पोट्टं म्हनते आजीची झूल नाई तं मी नंदी काढतच नाई. आता बाजारातून आनू का, ते चमकीवाली? चमकीचं नाव काढलं अन् माहं डोकंच सनकलं. म्हनलं चमकी आनली तं माह्या दारात नंदी आनू नको.

मंग पोतं सोडलं, नातवासाठी नवा नंदी इकत आनला, सरळ उभा राहनारा, त्याच्यावर झुली टाकून मोजल्या, उजवीकडचं जास्तीचं कापलं, एकदम बरोबर. घरोघरी वाटल्या.

तान्ह्या पोळ्याले सारे नंदी लायनीत उभे झाले, अन् पाहते तं काय सांगू तुमाले, सगळ्याइची उजवी बाजू दोन बोटं वर! हाताले सवय पडली ना बायाइच्या, न पाहताच मोडल्या. मले हसू आवरे ना. पोट्टे तं खुश, त्याइले काय.

रूपालीनं फोटो टाकला. ते बाई टपूनच होती जनू. लिवलं, आजी, आता डावी बाजू लांब झाली की हो! रूपाली म्हने शेजारनींनी मोडल्या असं लिवू का आई? म्या म्हनलं खबरदार. लिही, हो बाई, माहाच हात चुकला, पुढच्या साली पाहू.

औंदाच्या झुली सरळच होत्या, हे सुमनले म्या अजून सांगतलं नाई. तुमी लिवून राहिले तं तिचं नाव दुसरं टाका. अन् त्या बाईचंबी देव भलं करो, तिनं निरखून पाहिलं म्हनून तं बोलली. ते आमच्या गल्लीत राहत नाई, येवढंच. राहत असती तं तिनंबी गुपचूप मोडली असती.